एकास पाचशे

कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढणं, शिकायला बसले तो पहिला दिवस. लॅपटॉपचा पडदा जेमतेम चौदा इंचांचा. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं तसं मी 'लाइन' ही आज्ञा दिली, एका जागी क्लिक केलं, ४० हा आकडा लिहिला आणि एंटर दाबलं. सर म्हणाले, आता सगळं चित्र पडद्यावर बसवा. बसवलं, आणि डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक बारीक रेघ दिसू लागली.

"ही रेघ किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

"वीतभर असेल."

"नाही. चाळीस मीटर."

"म्हणजे चाळीस मीटर लांबीच्या हद्दीचं छोटं चित्र, असंच ना?"

"छोटं नाही हो. रेघ चाळीस मीटरचीच आहे. तुम्ही ती लांबून बघताय."

लांबून बघताय! त्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यातला नकाशाच उलटा झाला. शाळेत भूगोलाच्या तासापासून एक गोष्ट पक्की बसलेली होती, की नकाशा म्हणजे जमिनीला लहान करून कागदावर आणणं. इथे मात्र जमीन लहान झालेलीच नव्हती. संगणकाच्या आत चाळीस मीटर हे चाळीस मीटरच होते, भिंत २३० मिलिमीटरची होती आणि दाराची बिजागरी काढायची म्हटली तर तीही तिच्या खऱ्या मापात मावणार होती. लहान करण्याचा प्रश्न येणार होता तो अगदी शेवटी, कागद समोर आल्यावर.

कॅड शिकणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला हीच गोष्ट जड जाते. आणि एकदा ती कळली, की प्लॉटचा नकाशा मापात कसा बसवायचा याची बाकीची सगळी कुलपं एकामागून एक उघडत जातात.

मांडीवरचा आराखडा

माणूस जमिनीला मापात लहान करायला कधी शिकला? पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात एक बसलेला दगडी पुतळा आहे. डोकं तुटलेलं, हात छातीशी जोडलेले. मेसोपोटेमियातल्या लगाश राज्याचा अधिपती गुदेआ याचा हा पुतळा सुमारे ४,१०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या मांडीवर एक पाटी आहे आणि पाटीवर देवळाच्या आवाराचा आराखडा कोरलेला आहे: जाड भिंती, बुरूज, दरवाजे, सगळं वरून पाहिल्यासारखं. पाटीच्या कडेला खुणा केलेली मोजपट्टी आहे. शेजारी रेघ ओढायची लेखणी आहे.

त्या काळात माणसाला जमीन वरून बघता येत नव्हती. तरीही कोणीतरी मनाने उंच गेला, तिथून खाली पाहिलं आणि जे दिसलं असतं ते पट्टीच्या मापाने पाटीवर उतरवलं. रोममध्ये इसवी सन २०३ ते २११ या काळात अख्ख्या शहराचा नकाशा संगमरवरी फरश्यांवर कोरून भिंतीवर लावला होता. तो साधारण १८ मीटर रुंद आणि १३ मीटर उंच होता आणि त्याचं माप होतं सुमारे एकास दोनशे चाळीस, म्हणजे जमिनीवरचे दोनशे चाळीस मीटर भिंतीवर एक मीटर.

आपल्याकडे यज्ञवेदीची आखणी दोरीने होत असे. शुल्बसूत्रांतला 'शुल्ब' म्हणजे दोरीच. आणि आपण शाळेत ज्याला कंटाळायचो त्या विषयाचं नावच भूमिती आहे, म्हणजे भूमीचं मापन. कागद, वही आणि कंपासपेटी नंतर आली. आधी जमीन होती, दोरी होती आणि खुंट्या होत्या.

अनुरेखकाची रेघ

गेल्या पिढीपर्यंत हे काम मोठ्या तिरक्या टेबलांवर चालायचं. सरकारी खात्यांत आरेखक आणि अनुरेखक अशी पदंच होती. आरेखक पेन्सिलीने आराखडा काढायचा, अनुरेखक त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून शाईने तो उतरवायचा. टी-स्क्वेअर, गुण्या, फ्रेंच कर्व्ह आणि रोटरिंगची पेनं ही त्यांची हत्यारं. प्रती काढताना अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरायचे, तेव्हा कुठे प्रत हातात यायची. एखादी भिंत चुकली की शाई ब्लेडने हळूच खरवडायची, कागद फाटू न देता. तीनदा खरवडलं की कागदच जायचा.

या सगळ्यात पहिला निर्णय असायचा मापाचा. एकास शंभर काढायचं की एकास पाचशे, हे पहिली रेघ ओढण्याआधी ठरवावं लागे, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्या गाळणीतून जाणार होता. निर्णय चुकला तर चित्र कागदाबाहेर जाई, आणि नव्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून. एकाच प्लॉटचा एकास पाचशेचा आणि एकास शंभरचा नकाशा हवा असेल तर ती दोन स्वतंत्र चित्रं होती, दोनदा घेतलेले कष्ट होते.

ही गाठ सुटायला सुरुवात झाली ती १९६३ साली, अमेरिकेतल्या एमआयटीत. आयव्हन सदरलँड नावाचा पंचविशीही न गाठलेला विद्यार्थी टीएक्स-२ नावाच्या अवाढव्य संगणकासमोर बसला आणि हातातल्या प्रकाश-लेखणीने थेट पडद्यावर रेघा ओढू लागला. त्याच्या पीएचडीच्या प्रबंधाचा विषय असलेल्या या प्रणालीचं नाव स्केचपॅड. वेडीवाकडी चौकट काढायची आणि यंत्राला सांगायचं, की या बाजू काटकोनात हव्यात. चौकट आपोआप सरळ होई. एक आकृती 'मूळ' म्हणून काढायची, तिच्या हव्या तितक्या प्रती मांडायच्या, आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलायच्या. आज आपण कॅडमध्ये झाडाचा एक ब्लॉक काढून तो प्लॉटवर पन्नास ठिकाणी ठेवतो, तेव्हा स्केचपॅडचीच ती कल्पना वापरत असतो.

मला सगळ्यात थक्क करतं ते वेगळंच. सदरलँडचा पडदा सुमारे सात इंचांचा होता, पण त्यावरचं चित्र दोन हजार पटींपर्यंत मोठं करून पाहता यायचं. म्हणजे त्या सात इंचांच्या काचेमागे प्रत्येक बाजू सुमारे पाव मैल लांब असलेला कागद पसरलेला होता आणि सदरलँड त्यावर हवं तिथे वाकून पाहू शकत होता. लांबून बघणं आणि जवळून बघणं ही कागदाची गोष्ट उरली नाही, ती बघणाऱ्याची झाली. पुढे डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि हेच सामर्थ्य टेबलावरच्या संगणकात येऊन बसलं.

चार बाजू मोजून प्लॉट मिळत नाही

आता प्रत्यक्ष एक प्लॉट घेऊ. साधारण दहा गुंठ्यांचा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हा ३३ आला कुठून? मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत ३३ फुटांची लोखंडी साखळी वापरत, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. साखळी गेली, आणे गेले, पण तिची एक लांबी औरसचौरस ताणली की जेवढी जमीन व्यापते तो गुंठा आजही आपल्या बोलण्यात आहे.

आपल्या प्लॉटची रस्त्याकडची बाजू ४० मीटर आहे, उजवीकडची २५ मीटर. उरलेल्या दोन बाजूही टेपने मोजल्या. चार बाजू हातात आल्या, आता नकाशा काढता येईल असं वाटतं. पण येत नाही. जुनी, सैल झालेली खाट आठवा. चारही लाकडं तेवढीच लांब असतात, तरी धक्का दिला की खाट तिरपी होते. चार बाजूंनी आकार पक्का होत नाही. तो पक्का होतो कर्णाने, कारण कर्ण घातला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाला हलता येत नाही.

कोपरा काटकोनी असता तर कर्ण ४७.१७ मीटर आला असता. टेपवर आला ४६.३० मीटर. फरक जेमतेम दोन हातांचा, पण त्याचा अर्थ असा, की तो कोपरा ९० ऐवजी ८७.७ अंशांचा आहे आणि २५ मीटर आत गेल्यावर हद्द तब्बल एक मीटर आत झुकलेली आहे. डोळ्यांना काटकोनी दिसणारा प्लॉट टेपने बोलता केला.

हे कॅडमध्ये उतरवायची रीत इतकी सुंदर आहे, की शिकताना मी ती पुन्हापुन्हा करून पाहिली. आधी रस्त्याकडची ४० मीटरची रेघ ओढायची. तिच्या डाव्या टोकाला केंद्र धरून ४६.३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, उजव्या टोकाला केंद्र धरून २५ मीटरचं. दोन वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात तिथे तिसरा कोपरा. तो दुसरीकडे कुठे असूच शकत नाही. खरं तर वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात: एक बिंदू आपल्या प्लॉटात आणि दुसरा बरोबर त्याच्या प्रतिबिंबासारखा, रस्त्यापलीकडे. कोणता खरा हे गणित सांगत नाही, ते जागेवर उभं राहिलेल्या माणसालाच माहीत असतं. मग त्याच पद्धतीने चौथा कोपरा, आणि शेवटी दुसरा कर्ण. हा दुसरा कर्ण चित्र काढायला लागतच नाही, तरी तो मोजायचा. चित्रातला कर्ण आणि टेपवरचा कर्ण जुळले तर आपली मोजणी खरी. न जुळले तर पुन्हा टेप घेऊन जागेवर.

याच त्रिकोणांनी अख्खा हिंदुस्थान मोजला गेला. १० एप्रिल १८०२ रोजी इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची एक पायारेषा साखळीने मोजायला घेतली, आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही मोजणी काही दशकांत हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन पोचली. तिथे कोन मोजले होते, आपण बाजू मोजतो. पण त्रिकोण हलत नाही हा आधार एकच.

एक सावधानता मात्र हवी. नकाशा जमिनीला नेहमी आडवी समजतो. कोकणातल्या उतरत्या जागेत पाचास एक असा उतार असेल आणि टेप उतारावर टेकवून ४० मीटर मोजले, तर नकाशावर ते ३९.२२ मीटरच भरतात. पाऊण मीटरहून जास्त लांबी उताराने खाल्लेली असते. म्हणून उतारावर टेप आडवा धरून, ओळंबा सोडून, पायरी-पायरीने मोजतात. आज भूकरमापक ईटीएस यंत्र किंवा उपग्रहाशी बोलणारा रोव्हर घेऊन येतात आणि यंत्र हा हिशेब आपणच करतं. पण हिशेब तोच.

अणूएवढी पायरी

जागेची मापं हाती आली, आता कॅडमध्ये घर मांडायचं. सुरुवातीला ठरवायचं ते एकक. गवंडी फुटात बोलतो, महापालिका मीटरमध्ये, भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहितात आणि मालक गुंठ्यात. संगणकाला यातलं काही कळत नाही. त्याच्यासाठी ४० म्हणजे नुसते ४०. चाळीस काय, हे आपण सांगायचं आणि मग सगळ्या चित्रात तेच पाळायचं. इंचाच्या चित्रात मिलिमीटरचं चित्र तसंच आणून ठेवलं तर ते २५.४ पट मोठं होतं, आणि शौचालयाचं दार अंगणाएवढं दिसू लागतं.

मग लेअर. ट्रेसिंग पेपरचे थर एकावर एक ठेवावेत तसे हे थर: एकावर हद्द, एकावर रस्ता, एकावर झाडं, एकावर नियोजित इमारत, एकावर सांडपाण्याची नळी. हवे ते दाखवायचे, नको ते झाकायचे. परवानगीच्या नकाशांत रंगांचीही एक भाषा रूढ आहे: नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या तिरक्या रेघांनी, सांडपाणी लाल तुटक रेघेने. आता बऱ्याच महापालिकांत नकाशा आधी माणूस वाचत नाही, संगणक वाचतो. लेअरच्या नावावरून तो ओळखतो, की ही रेघ म्हणजे हद्द आणि ही इमारत, आणि त्यांच्यातलं अंतर नियमात बसतं का हे तपासतो. कंपाउंडची भिंत चुकून इमारतीच्या लेअरवर गेली तर त्याला ती इमारतच वाटते. रेघेला आता लांबीबरोबर अर्थही असतो.

त्यानंतर आकड्यांच्या आत एकदा डोकावून पाहावं. रोव्हरने मोजलेला प्लॉट पृथ्वीच्या मापात येतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएम पद्धतीत पुण्याच्या मध्यवस्तीतला एखादा खांब पूर्वेकडे सुमारे ३ लाख ८० हजार मीटर आणि विषुववृत्तापासून उत्तरेकडे सुमारे साडेवीस लाख मीटर असा नोंदवला जातो. कॅड असा प्रत्येक आकडा ६४ बिटांत साठवतं, म्हणजे साधारण पंधरा-सोळा अंक. साडेवीस लाख मीटर लिहून झाल्यावर दशांशचिन्हापुढे किती जागा उरते? हिशेब केला तर लगतच्या दोन आकड्यांतली पायरी येते मिलिमीटरच्या चाळीस लाखाव्या भागाहूनही लहान. ही साधारण एका अणूची रुंदी झाली. विषुववृत्तापासून पुण्यापर्यंतचं अंतर मोजून झाल्यावरही या वहीत अणू मोजायला जागा शिल्लक आहे!

ऑटोकॅडच्या सुरुवातीच्या वर्षांत हे दाखवायला एक चित्र केलं होतं. त्यात सूर्यमाला खऱ्या मापात होती. प्लूटोच्या कक्षेपासून आत शिरत पृथ्वीकडे, तिथून चंद्राकडे, चंद्रावर उतरलेल्या यानाकडे आणि शेवटी यानाच्या पायावर लावलेल्या पाटीवरच्या अक्षरांपर्यंत जाता यायचं. प्लूटोच्या अंतरावरही ६४ बिटांची पायरी सुमारे एक मिलिमीटरच भरते. पिंडी ते ब्रह्मांडी म्हणतात ते इथे एका फाइलमध्ये अक्षरशः मावतं.

पण याच ठिकाणी शिकणाऱ्याने थांबून एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी. संगणक अणूएवढा नेमका आहे म्हणून आपली मोजणी तशी होत नाही. टेप सैल धरला असेल तर ४०.०००००० मीटर लिहूनही हद्द चुकलेलीच असते. शून्यं संगणक देतो, खरेपणा माणसाला द्यावा लागतो.

कागद समोर येतो

आता ती वेळ आली, जी पूर्वी सगळ्यात आधी यायची. कॅडमध्ये दोन जगं असतात. एक मॉडेल स्पेस, जिथे प्लॉट खऱ्या आकारात आहे. दुसरं लेआउट, म्हणजे कागद. कागदाला एक खिडकी पाडायची आणि खिडकीतून प्लॉट बघायचा. प्लॉटपासून किती लांब उभं राहायचं ते ठरवणं म्हणजे माप ठरवणं. एका कागदावर तीन खिडक्या पाडता येतात: एकीतून सगळा प्लॉट एकास पाचशे, दुसरीतून घराचा तळमजला एकास शंभर, तिसरीतून जिन्याची पायरी एकास वीस. प्लॉट एकच, तो फक्त एकदाच काढलेला. भिंत सरकवली की तिन्ही खिडक्यांत सरकते. ऑटोकॅडमध्ये ही सोय १९९० साली आली, आणि अनुरेखकाचे दोनदा-तीनदाचे कष्ट तिथे संपले.

आपला प्लॉट ४० गुणिले २५ मीटरचा धरू. एकास पाचशे म्हणजे एका मीटरला दोन मिलिमीटर, म्हणजे कागदावर ८० गुणिले ५० मिलिमीटर, तळहातावर मावेल. एकास दोनशेला तो २०० गुणिले १२५ होतो आणि ए-४ वर बसतो. एकास शंभरला ४०० गुणिले २५० होतो. ए-३ कागद ४२० गुणिले २९७ चा. बसला खरा, पण डावी-उजवीकडे एकेकच सेंटिमीटर उरला, मापं आणि नावाची चौकट कुठे लिहिणार? मग ए-२ घ्यायचा.

ए-मालिकेच्या या कागदांतही एक गंमत दडलेली आहे. ए-० चं क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो मधोमध दुमडला की ए-१, तो दुमडला की ए-२, आणि प्रत्येकाचा घाट अगदी तोच, कारण लांबी ही रुंदीच्या दोनाच्या वर्गमुळाइतक्या पटीत ठेवलेली आहे. या गुणोत्तराची थोरवी जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबर्गने १७८६ सालीच एका पत्रात लिहून ठेवली होती. आता रोटरिंगच्या पेनांच्या जाड्या बघा: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण तेवढ्याच पटीत आहे! ए-१ वरचा नकाशा ए-२ वर लहान केला की ०.५ ची रेघ बरोबर ०.३५ ची होते, म्हणजे शेजारच्या पेनाची. लहान केलेल्या नकाशावर नव्याने रेघ ओढायची झाली तर पेन तयार आहे. कागद बनवणारा आणि पेन बनवणारा एका गणिताने बांधलेले होते आणि त्या टेबलावर बसणारा माणूस ते रोज वापरत होता.

माप ठरवणं म्हणजे काय दाखवायचं आणि काय सोडायचं हे ठरवणं. आपली नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिलिमीटर, एकास पाचशेला अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होते. तिथे तिच्या आतली वीट दाखवण्यात अर्थ नाही. एकास शंभरला ती २.३ मिलिमीटर होते, दार-खिडकी दाखवता येते. एकास वीसला ११.५ मिलिमीटर, आता वीट, गिलावा, चौकट सगळं दिसायला हवं. अक्षरांचं मात्र उलटं. ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतात, म्हणून कागदावर अडीच मिलिमीटरचीच राहायला हवीत. मॉडेलमध्ये लिहिली तर एकास पाचशेसाठी ती सव्वा मीटर उंच लिहावी लागतील! म्हणून मापं आणि सूचना कागदाच्या जगात लिहिणं सोयीचं.

रेघेची जाडी आणि बांधाचं भांडण

महाराष्ट्रात नकाशा हा नुसता शास्त्राचा विषय कधीच नव्हता. बांधावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, खटले एका पिढीकडून दुसरीकडे जातात. म्हणून मापाचं एक साधं गणित प्रत्येक सातबाराधारकाला ठाऊक असावं. नकाशावरच्या रेघेलाही जाडी असते. एकास पाच हजारच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर झाकते. ज्या बांधावरून भांडण आहे, तो अख्खा बांध त्या रेघेच्या शाईखाली गडप होतो. त्या रेघेवर पट्टी ठेवून 'माझं दोन हात तुझ्याकडे गेलं' असं म्हणता येत नाही. त्यासाठी टिपणातली प्रत्यक्ष मापं, जागेवरच्या खुणा आणि रीतसर मोजणीच लागते.

दुसरं, कागद स्वतः बदलतो. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, आणि झेरॉक्सवाला 'पानात बसवून देतो' म्हणत तो नकळत काही टक्के लहान करतो. वर लिहिलेलं १:५०० हे अक्षर तसंच राहतं आणि खोटं ठरतं. म्हणून नकाशावर मापाची पट्टी काढतात, ० ते २० मीटर अशी काळी-पांढरी. कागद लहान झाला की पट्टीही तेवढीच लहान होते, आणि खरं बोलत राहते. आणि म्हणूनच नकाशावर घासून मोजू नये, लिहिलेलं माप धरावं, हा आरेखकांचा जुना नियम आहे.

मराठीत आपण स्केलला 'प्रमाण' म्हणतो, आणि पुराव्यालाही प्रमाणच म्हणतो. मला हा योगायोग वाटत नाही. मापात काढलेला नकाशा हे एक वचन असतं: यावरची कोणतीही रेघ मोजा, पाचशेने गुणा, जागेवर जा, तेवढंच सापडेल. हे वचन पाळलं तरच त्या कागदाला नकाशा म्हणायचं, नाहीतर ते चित्र.

परत जमिनीवर

नकाशा मंजूर झाला की एके सकाळी प्लॉटवर लाइनआउट होतं. मिस्त्री खुंट्या ठोकतो, लाइनदोरी ताणतो, कोपऱ्यात तीन-चार-पाचचा त्रिकोण धरून काटकोन काढतो, आणि दोरीखाली पांढऱ्या फक्कीची रेघ सोडत जातो. कागदावर ८० मिलिमीटर झालेली हद्द पुन्हा ४० मीटर होते. ज्या जमिनीवरून मापं उचलली, ती संगणकात खऱ्या आकारात राहिली, कागदावर लहान झाली, आणि फक्कीच्या रेघेने पुन्हा तिच्याच अंगावर एकास एक उमटली. गुदेआच्या पाटीपासून आजपर्यंत आखणीचा हा प्रवास असाच पुरा होत आला आहे, आणि तो पुरा होताना उभं राहून पाहिलं की अंगावर काटा येतो.

हे शिकायला वास्तुविशारद असावं लागत नाही. आयटीआयमध्ये स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि घरी बसून सुरुवात करायची तर लिब्रेकॅडसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण त्याच्याही आधी एक काम करा. आज संध्याकाळी टेप घ्या, घरातल्या कोणाला तरी दुसरं टोक धरायला सांगा आणि आपल्या बैठकीच्या खोलीच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. खोली काटकोनी आहे असं इतकी वर्षं समजत आला असाल. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या आणि दोन्ही कर्णही सारखे आले, तरच ती काटकोनी.